काजळीतील अदृश्य नळ्या : कार्बन अब्जांश-नलिकांचे बळ आणि त्यांचा उपयोग

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाची संहिता)



इ. स. १९५२ मध्ये भौतिक रसायनशास्त्राला वाहिलेल्या एका रशियन नियतकालिकात राडुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन शास्त्रज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. तापलेल्या लोखंडाच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड वायूचे विघटन होते, तेव्हा जी काजळी साचते तिची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे त्या लेखात होती. त्यांत सुमारे ५० अब्जांश मीटर जाडीचे, आतून पोकळ असलेले कार्बनचे तंतू स्पष्ट दिसत होते. लेख रशियन भाषेत होता आणि काळ शीतयुद्धाचा होता. पश्चिमेकडील प्रयोगशाळांत तो फारसा कोणी वाचला नाही. १९७६ मध्ये फ्रान्समधील ओबर्लिन आणि त्यांचे जपानी सहकारी एंडो व कोयामा यांनी अशाच पोकळ तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांचाही फार गाजावाजा झाला नाही. १९९१ मध्ये जपानच्या एन.ई.सी. कंपनीच्या त्सुकुबा येथील प्रयोगशाळेतील सुमिओ इइजिमा यांनी 'नेचर' साप्ताहिकात आपले निरीक्षण मांडले, आणि तेव्हा मात्र साऱ्या विज्ञानजगताचे लक्ष या नळ्यांकडे वेधले गेले. शोधाचे श्रेय नेमके कोणाचे, हा प्रश्न २००६ मध्ये मोंथियू आणि कुझ्नेत्सोव्ह यांनी 'कार्बन' या नियतकालिकाच्या संपादकीयात उघडपणे उपस्थित केला, त्या वेळी जुन्या रशियन लेखाची धूळ पुन्हा झटकली गेली.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण उघड आहे. ज्ञान छापले गेले म्हणजे ते लोकांपर्यंत पोहोचले असे होत नाही. एका भाषेत लिहिलेले दुसऱ्या भाषेत वाचले जावे लागते, आणि वाचणाऱ्याच्या मनात त्याचे मोल जाणण्याची तयारीही असावी लागते. १९९१ मध्ये ती तयारी होती. १९८५ साली क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांनी साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू शोधून काढला होता (१९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच शोधासाठी मिळाले), आणि कार्बन अशी काही नवी रूपे धारण करू शकतो ही कल्पना शास्त्रज्ञांच्या मनात रुजली होती. तेच छायाचित्र चाळीस वर्षांपूर्वी कुतूहलाचा विषय होते. आता ते एका नव्या शास्त्राचे प्रवेशद्वार ठरले.

आता या नळीचे स्वरूप पाहू. शिसपेन्सिलीत ज्याला 'शिसे' म्हणतात ते वस्तुतः मुख्यत्वे ग्रॅफाइट असते, म्हणजे कार्बनचेच एक रूप. त्यात अणूंचे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक पापुद्रा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा षट्कोनी जाळीचा असतो. प्रत्येक अणू शेजारच्या तिघांशी बांधलेला, आणि दोन अणूंमधील अंतर ०.१४२ अब्जांश मीटर. पापुद्र्याच्या आतले हे बंध अतिशय बळकट, परंतु पापुद्र्या-पापुद्र्यांमधले आकर्षण अगदी दुबळे. म्हणूनच पेन्सिल कागदावर फिरवताच पापुद्रे सुटून रेघ उमटते. असा एकच पापुद्रा घेऊन त्याची सुरळी करावी आणि कडा बेमालूम सांधाव्यात, म्हणजे एकपदरी कार्बन नलिका होते. अशा अनेक नळ्या एकीत एक बसल्या की बहुपदरी नलिका होते. इइजिमांना १९९१ मध्ये दिसलेल्या नळ्या बहुपदरी होत्या. एकपदरी नळ्या १९९३ मध्ये इइजिमा व इचिहाशी यांना जपानमध्ये आणि बेथ्यून व त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत, स्वतंत्रपणे मिळाल्या. एकपदरी नळीचा व्यास साधारणतः एक ते दोन अब्जांश मीटर असतो. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा काही दहा-हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील.

सुरळी कोणत्या दिशेने करावी, यालाही फार महत्त्व आहे. चौकटीच्या कापडाची गुंडाळी सरळ धरून केली तर चौकटी एका प्रकारे जुळतात, तिरकी केली तर त्यांच्या ओळी मळसूत्रासारख्या फिरत जातात. कार्बनच्या जाळीचेही तसेच आहे. गुंडाळण्याची दिशा दोन पूर्णांकांनी सांगता येते. या दोन अंकांतील फरकाला तीनने निःशेष भाग जात असेल तर नळी धातूसारखी वीज वाहून नेते, जात नसेल तर ती सिलिकॉनप्रमाणे अर्धवाहक होते. एकच मूलद्रव्य, एकच जाळी, एकच बंध. केवळ गुंडाळीच्या तिरपेपणातील फरकामुळे एक नळी तार होते आणि दुसरी ट्रान्झिस्टर होण्यास पात्र ठरते. निसर्गाच्या हिशेबात सरासरीने एक-तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि दोन-तृतीयांश अर्धवाहक निघतात. या साध्या अपूर्णांकाने पुढे अभियंत्यांना किती छळले, ते यथावकाश येईलच.

आता बळाचा विचार. पदार्थ ताणला असता तो किती विरोध करतो हे यंगच्या स्थितिस्थापकता गुणांकाने मोजतात. पोलादाचा हा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आहे. कार्बन नलिकेचा सुमारे १,००० गिगापास्कल, म्हणजे पाचपट. तो मोजायचा कसा? इतक्या बारीक वस्तूला चिमट्यात धरून वजन टांगणे आरंभी शक्य नव्हते. १९९६ मध्ये ट्रेसी, एबसेन आणि गिब्सन यांनी एक युक्ती योजली. एका टोकाला घट्ट रुतलेल्या नळीचे मोकळे टोक उष्णतेमुळे सदैव थरथरत असते. सूक्ष्मदर्शकात ते टोक अस्पष्ट, पसरलेले दिसते. नळी जितकी ताठ, तितका तो पसारा कमी. त्या अस्पष्टतेचे मोजमाप करून त्यांनी नळीचा ताठपणा काढला. चित्रातील दोष समजून जे दुर्लक्षिले गेले असते, तेच येथे मापाचे साधन झाले.

ताणून तोडण्याचा प्रत्यक्ष प्रयोग २००० मध्ये अमेरिकेत रुऑफ यांच्या गटाने केला. बहुपदरी नळीची दोन टोके दोन सूक्ष्म टोकदार दांड्यांना चिकटवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी एकोणीस नळ्या ताणून तोडल्या. तोडण्यास लागलेला ताण ११ ते ६३ गिगापास्कल भरला. या आकड्याचा अर्थ व्यवहाराच्या भाषेत असा : एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेवर एक गिगापास्कल ताण येण्यास सुमारे १०२ किलोग्रॅम वजन टांगावे लागते. उत्तम पोलादी तार दोनशे-अडीचशे किलोग्रॅमपर्यंत टिकाव धरते. त्याच जाडीचा निर्दोष नलिकांचा दोर मिळाला, तर तो पाच टन वजन पेलू शकेल. आणि त्याचे स्वतःचे वजन पोलादाच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढे असेल. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. तुटला तो केवळ बाहेरचा पदर, कारण पकड त्याच्यावरच होती. तो तुटताच आतले पदर म्यानातून तलवार उपसावी तसे सरकून बाहेर आले. पदरांमधले आकर्षण दुबळे असल्याने बाहेरच्या पदरावरचा भार आतल्यांकडे पोहोचतच नाही. या सरकण्यातच पुढील साऱ्या अडचणींचे बीज आहे.

ताठ वस्तू बहुधा ठिसूळ असते. काच हे त्याचे उदाहरण. कार्बन नलिका मात्र ताठ असूनही वेतासारखी लवते. जोराने वाकविली असता तिच्या आतल्या अंगाला घडी पडते, आणि दाब काढताच ती पुष्कळदा काहीही इजा न होता पूर्ववत सरळ होते. उष्णता वाहून नेण्यातही ती धातूंच्या पुढे आहे : तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर एकेका नळीवर मोजलेली वाहकता त्याच एककात ३,००० च्या घरात.

असे गुण पाहून मोठमोठी स्वप्ने रंगू लागली, यात नवल नाही. त्यांपैकी सर्वांत उत्तुंग स्वप्न अवकाश-उद्वाहनाचे. भूस्थिर कक्षेतून, म्हणजे विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून, खाली पृथ्वीपर्यंत दोर सोडावा आणि त्यावरून चढत अवकाशात जावे, ही कल्पना. तिचा पहिला अंकुर १८९५ मध्ये रशियन द्रष्टे त्सिओल्कोव्हस्की यांच्या लेखनात सापडतो, आणि १९६० मध्ये आर्त्सुतानोव्ह यांनी ती आजच्या रूपात मांडली. अडचण दोराच्या स्वतःच्या वजनाची. उत्तम पोलादी तार उभी टांगली तर सुमारे २५ किलोमीटर लांबीनंतर ती स्वतःच्याच भाराने तुटेल. ५० गिगापास्कल ताण सोसणाऱ्या नलिका-दोराच्या बाबतीत हीच लांबी, गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे धरून, ३,६०० किलोमीटरहून अधिक भरते. उंचीबरोबर गुरुत्वाकर्षण घटते, आणि दोर वर जाड व खाली निमुळता ठेवता येतो. त्यामुळे हा आकडा कल्पनेला कागदावर तरी शक्यतेच्या कक्षेत आणतो. पोलादाच्या दोराने ती कधीच आली नसती.

परंतु कागद आणि दोर यांत अंतर आहे, आणि ते समजून घेण्यासाठी कापसाचे सूत आठवावे. कापसाचा तंतू जेमतेम तीन सेंटिमीटरचा. तरीही त्यापासून मैलोगणती सूत कातता येते, कारण तंतूंचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यांना पीळ बसतो, आणि परस्परांच्या घर्षणाने ते भार एकमेकांकडे सोपवीत जातात. कार्बन नलिकेचा पृष्ठभाग अणूच्या पातळीवर गुळगुळीत असतो. शेजारच्या नळ्या एकमेकींवरून सहज घसरतात. प्रत्येक नळी बळकट, पण त्यांची एकी कच्ची. शिवाय लांबी वाढते तशी कोठे ना कोठे दोष असण्याची शक्यताही वाढते. षट्कोनांच्या जाळीत एखादा अणू कमी पडला, एखाद्या ठिकाणी पंचकोन आला, तर ताण तेथे साचतो आणि नळी तेथूनच तुटते. म्हणूनच एकेका नळीचे बळ दहा-दहा गिगापास्कलांच्या पटीत मोजले जात असताना, त्यांपासून काढलेले प्रत्यक्ष धागे पुष्कळ काळ एक-दोन गिगापास्कलांच्या आसपासच घोटाळत राहिले.

या अडचणीवर उपाय शोधण्याचे काम चिकाटीने चालले आहे. २००२ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात, पृष्ठभागावर उभ्या वाढविलेल्या नलिकांच्या दाट रानातून, कोशातून रेशीम उलगडावे तसा अखंड धागा ओढून काढण्यात आला. २००४ मध्ये टेक्सासमध्ये बॉमन यांच्या गटाने अशा धाग्याला ओढतानाच पीळ देऊन तो अधिक बळकट केला; चरख्यावरची जुनी विद्या अब्जांशाच्या प्रयोगशाळेत कामी आली. २०१३ मध्ये त्सिंगहुआच्याच संशोधकांनी अर्ध्या मीटरहून लांब अशी एकसंध नळी वाढविली, आणि २०१८ मध्ये अशा लांब, जवळजवळ निर्दोष नळ्यांची जुडी ८० गिगापास्कलहून अधिक ताण सोसते हे दाखविले. मात्र त्या जुडीची लांबी काही सेंटिमीटर होती. छत्तीस हजार किलोमीटर अजून पुष्कळ दूर आहेत.

दुसरे मोठे क्षेत्र इलेक्ट्रॉनिकीचे. १९९८ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे डेकर यांच्या गटाने एकाच नळीचा ट्रान्झिस्टर बनविला आणि तो सामान्य तापमानाला चालवून दाखविला. सिलिकॉनचा वारसदार सापडला, अशी हाकाटी झाली. परंतु येथे तो एक-तृतीयांशाचा हिशेब आडवा आला. लाखो नळ्यांत जेवढ्या धातूसारख्या, तेवढे विद्युत्-मार्ग बंदच होणार नाहीत. त्या निवडून वेगळ्या करणे, अथवा त्या असूनही यंत्र बिनचूक चालेल अशी रचना करणे, यात वर्षे गेली. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात १७८ नलिका-ट्रान्झिस्टरांचा छोटासा संगणक तयार झाला. २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. संस्थेत १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा प्रक्रियक चालला. सिलिकॉनच्या एका चकतीवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात हे लक्षात घेता ही बाल्यावस्था आहे. परंतु ती चालत्या बालकाची आहे.

आज या नलिका सर्वाधिक उपयोगी पडतात त्या जागा मात्र अगदी साध्या आहेत. लिथियम विद्युत्-घटांच्या अग्रांत अल्प प्रमाणात त्या मिसळल्या की कणांमध्ये विजेची वाट अखंड राहते. प्लास्टिकमध्ये थोड्या मिसळल्या की त्यावर स्थिर विद्युत साचत नाही. इंधन वाहणाऱ्या नळ्यांसाठी हा गुण मोलाचा आहे. अणुबल सूक्ष्मदर्शकाचे टोक म्हणून एकेक नळी वापरली जाते. उभ्या नळ्यांचा दाट थर प्रकाश जवळजवळ पूर्णतः गिळून टाकतो. २०१४ मध्ये इंग्लंडात तयार झालेल्या अशा एका लेपाने त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ९९.९६५ टक्के शोषून घेतला. या मार्गात अपयशेही आली. जर्मनीच्या बायर कंपनीने मोठ्या अपेक्षेने उभारलेले नलिका-उत्पादन २०१३ मध्ये बंद केले. नवा पदार्थ बाजारात स्थिरावण्यास किती काळ लागतो, हे दीर्घ मुदतीने विचार करणाऱ्यांना या घटनेतून समजावे.

भारतीय संशोधकांचा यातील वाटाही नोंदण्यासारखा आहे. काशी हिंदू विद्यापीठात शिकलेले पुलिकेल अजयन यांनी एबसेन यांच्याबरोबर १९९२ मध्ये नलिका मोठ्या प्रमाणावर मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. २००३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद आणि त्यांचे सहकारी यांनी नलिकांच्या जुडीवरून द्रव वाहू दिला असता विद्युत्-दाब निर्माण होतो हे दाखविले. २००४ मध्ये काशी हिंदू विद्यापीठातील ओ. एन. श्रीवास्तव यांच्या गटाने, अजयन यांच्या सहकार्याने, नलिकांच्या पोकळ दंडगोलाचा गाळण म्हणून उपयोग करून पाण्यातील जिवाणू अडवून दाखविले. आणि विशेष गमतीची गोष्ट म्हणजे कापूर, जो प्रत्येक देवघरात जळतो, तोही या नळ्यांचा उत्तम कच्चा माल आहे; जपानमध्ये मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी त्याच्या वाफेपासून नलिकांचे दाट पीक घेतले. मात्र आरतीच्या काजळीत आणि या नळ्यांत फरक आहे. येथे कापराची वाफ बंद भट्टीत, हवेचा स्पर्श होऊ न देता, लोखंडासारख्या धातूच्या सूक्ष्म कणांवरून नेतात. कण कार्बन शोषून घेतो आणि त्याच्या अंगातून नळी वाढत जाते.

हैदराबादच्या श्रोत्यांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव उक्कू पोलादासाठी शतकानुशतके प्रसिद्ध होते आणि इराणी व्यापारी ते विकत घेण्यास तेथे येत. अशा हिंदी पोलादाच्या लगडींपासून दमास्कसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारी घडत. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या पाउफ्लर यांच्या गटाने सतराव्या शतकातील अशा एका तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवून पाहिला, तेव्हा उरलेल्या अवशेषांत त्यांना कार्बन नलिका आढळल्याचे त्यांनी नोंदविले. त्या तलवारीचे गुण या नळ्यांमुळेच आले असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याबद्दल धातुशास्त्रज्ञांत एकमत नाही. जुन्या लोहारांना अब्जांशाचे ज्ञान होते असा अर्थही त्यातून काढू नये. त्यांना भट्टीचे, लगडीचे आणि घणाचे ज्ञान होते, आणि तेच पुरेसे गौरवास्पद आहे. खेदाची गोष्ट ही की ती विद्या हातातून हातात गेली, कागदावर फारशी उतरली नाही. आणि हात थांबले तेव्हा तीही थांबली.

शेवटी धोक्याविषयी. लांब, बारीक, ताठ आणि शरीरात न विरघळणारा तंतू म्हटले की वैद्यकाला ॲस्बेस्टॉस आठवतो. २००८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी लांब बहुपदरी नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या, तेव्हा ॲस्बेस्टॉसने होतो तसाच दाह तेथे झाला. आखूड अथवा गुंतलेल्या नळ्यांनी तसा झाला नाही. कारण यांत्रिकच आहे. शरीरातील भक्षक पेशी परका कण गिळून नष्ट करते. परंतु तंतू पेशीहून लांब असला की तो तिला पुरता गिळता येत नाही आणि दाह चालूच राहतो. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने एका विशिष्ट प्रकारच्या बहुपदरी नलिकेला 'संभाव्य कर्करोगकारक' ठरविले; इतर प्रकारांबाबत पुरावा पुरेसा नसल्याचे म्हटले. तयार वस्तूत घट्ट बसलेल्या नळ्यांपासून वापरणाऱ्याला धोका कमी. खरा प्रश्न आहे तो कोरडी पूड हाताळणाऱ्या, वस्तू कापणाऱ्या, घासणाऱ्या आणि शेवटी भंगारात मोडणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांचा. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत इशारे छापले गेले होते, आणि तरीही दशकानुदशके ते वाचले गेले नाहीत. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो पदार्थ काय आहे हेही कोणी त्यांच्या भाषेत सांगितले नव्हते.

कार्बन नलिकेचा इतिहास अशा रीतीने दोनदा वाचनाशी येऊन थांबतो : एकदा न वाचलेल्या रशियन लेखापाशी, आणि दुसऱ्यांदा न वाचलेल्या इशाऱ्यापाशी. पहिल्या वेळी चाळीस वर्षे गेली. दुसऱ्या प्रकारच्या दुर्लक्षात माणसे गेली. नव्या पदार्थाचे बळ गिगापास्कलात मोजता येते, पण समाजाला त्याचा लाभ किती आणि हानी किती हे त्या समाजाला त्याविषयी आपल्या भाषेत काय वाचावयास मिळते यावरही अवलंबून असते. महाराष्ट्रापासून दूर राहून शंभर वर्षे मराठी ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूच्या पुढील शतकाच्या नोंदवहीत विज्ञानाच्या पुस्तकांचे कपाट भरत जावे, आणि त्यांतील पुस्तके घरी नेणाऱ्यांत भट्टीपुढे उभा राहणारा कामगारही असावा, ही अपेक्षा या प्रसंगी अस्थानी ठरू नये.